समुद्राच्या पोटातला गॅमा

तारकर्लीला स्कूबाचा सूट चढवून बोटीच्या काठावर बसलेल्या कुणालाही सांगून बघा, "बाबा रे, किलोला किलो धरलं तर तू या समुद्राच्या पाचपट किरणोत्सारी आहेस." चेहरा बघण्यासारखा होतो. पण हिशेब सरळ आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम ०.४ ग्रॅम पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमचे दर दहा हजार अणू घेतले तर त्यातला एखादा पोटॅशियम-४० निघतो, म्हणजे फुटणारा. त्यामुळे लिटरभर पाण्यात सेकंदाला साधारण १२ अणू फुटतात. सेकंदाला एक अणू फुटला तर एक बेक्वेरेल, म्हणून समुद्र लिटरला १२ बेक्वेरेलचा. आपल्या अंगात मात्र स्नायूंच्या कृपेने १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे चार हजारांहून जास्त बेक्वेरेल. वजनाने भागलं की किलोला साठेक. जाता जाता केळ्याचाही हिशेब सांगतो, मध्यम केळं १५ बेक्वेरेल. भांडंभर समुद्र आणि एक केळं, जवळपास बरोबरी.

हे पोटॅशियम पृथ्वीच्या जन्मापासून इथंच आहे, त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचं आहे. त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण पाण्याखाली किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मंडळींच्या आयुष्यात सर्वांत जास्त लुडबुड तेच करतं. पुढे ते पुन्हा पुन्हा भेटेल.

दोन हातांवर सगळं गुडुप

गॅमा किरण म्हटलं की भिंती भेदून जाणारं काहीतरी भयंकर डोळ्यांसमोर येतं. हवेत ते खरंही आहे. अणुचाचण्या आणि अणुभट्ट्यांतून येणाऱ्या सिझियम-१३७ चा गॅमा किरण हवेत ७० मीटरच्या आसपास गेल्यावर कुठे निम्मा होतो. पाण्यात? ८ सेंटीमीटर. वीतभरसुद्धा नाही! मीटरभर पाण्यातून न अडखळता सरळ पार होणारे किरण पाच हजारांत एखादेच. म्हणून समुद्रात उतरवलेल्या गॅमा-डिटेक्टरला आपल्याभोवतीचं मीटरभर पाणी तेवढं दिसतं. जहाजाच्या डेकवर यंत्र ठेवून तळाशी काय आहे ते कळेल, ही आशा सोडून द्यायची. जिथलं मोजायचं तिथे यंत्रानेच जायचं.

याचा सर्वांत मजेदार पुरावा स्पेनमधला आहे. १७ जानेवारी १९६६ रोजी पालोमारेस गावावर अमेरिकेचं बॉम्बर विमान हवेत इंधन भरताना टँकर विमानावर आदळलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. तीन जमिनीवर सापडले, चौथा भूमध्य समुद्रात गेला. न फुटलेला बॉम्ब, वर पाऊण किलोमीटरहून जास्त पाणी, म्हणजे गॅमाच्या वासावर माग काढणं बादच. शेवटी कामी आला फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स नावाचा मच्छीमार. पॅराशूट पाण्यात नेमकं कुठे पडलं ते त्याने पाहिलं होतं, आणि आपल्या दर्याची जागा ओळखायला त्याला नकाशा लागत नव्हता. त्याने दाखवलेल्या भागात 'अ‍ॅल्विन' ही छोटी पाणबुडी उतरली आणि मार्चच्या मध्यावर पॅराशूटमध्ये गुंडाळलेला बॉम्ब तिला दिसला. अपघातापासून ८० दिवसांनी तो वर आला. ओर्ट्स पुढे 'बॉम्बवाला पाको' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि गडी एवढ्यावर थांबला नाही. दर्यातून माल शोधून देणाऱ्याचा हक्क म्हणून त्याने अमेरिकेत वकील लावून मोबदला मागितला. तडजोडीत मिटलं. माझ्या मते मागितला ते योग्यच केलं.

मिठाचा खडा खाऱ्या पाण्याला घाबरतो

डिटेक्टरच्या पोटात असतो सोडियम आयोडाइडचा स्फटिक, थॅलियमची चिमूट घातलेला. आपलं जेवणातलं मीठ सोडियम क्लोराइड, हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. गॅमा किरण आत शिरला की स्फटिक क्षणभर निळसर-जांभळा चमकतो. सिझियमचा एक किरण पूर्ण शोषला गेला तर साधारण पंचवीस हजार फोटॉन निघतात, तरी डोळ्यांना काही दिसणार नाही. मागे चिकटवलेली फोटोमल्टिप्लायर ट्यूब ती चमक टिपते आणि विजेचा ठोका करते. चमक जितकी मोठी तितका ठोका मोठा. कोणत्या मापाचे ठोके किती पडले याचा आलेख काढला की झाला वर्णपट. त्यात ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला उंचवटा दिसला तर सिझियम-१३७, १४६१ ला दिसला तर आपलं ते पोटॅशियम.

या स्फटिकाची करामत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये दाखवली. १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र वेगळ्याच कामासाठी, अणुकेंद्रावर इलेक्ट्रॉन आदळवण्याच्या प्रयोगांसाठी. आणि गंमत अशी की हा स्फटिक हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतो आणि पिवळा पडून निकामी होतो. अशा नाजूक जिवाला आपण समुद्रात बुडवतो! म्हणून तो आधी धातूच्या डब्यात हवाबंद, मग तो डबा आणखी एका जाडजूड नळकांड्यात. ग्रीसच्या समुद्र-संशोधन केंद्राने बनवलेल्या 'कातेरिना' या डिटेक्टरचं उदाहरण घ्या. तीन इंच व्यासाचा, तीन इंच लांबीचा स्फटिक, आणि बाहेरचं कवच पोलादाचं नाही, अ‍ॅसिटल नावाच्या प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिक का? कारण पोलाद कमी ऊर्जेचे किरण वाटेतच गिळतं. हे कवच ४०० मीटर खोलीपर्यंत टिकतं. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो हे लक्षात घेतलं तर प्लॅस्टिकच्या डब्याने ४० वातावरणांचा दाब सोसणं ही काही साधी गोष्ट नाही.

याहून तीक्ष्ण नजरेचा डिटेक्टर आहे, अतिशुद्ध जर्मेनियमचा. सोडियम आयोडाइडला जिथे एक पसरट टेकाड दिसतं तिथे त्याला दोन-तीन अणकुचीदार सुळके वेगवेगळे दिसतात. पण हे महाशय उणे शंभर अंशांखालीच काम करतात, प्रयोगशाळेत त्यांच्या दिमतीला द्रवरूप नायट्रोजन लागतो. बोयाला बांधून सहा महिने समुद्रात सोडून द्यायला ते बिलकुल तयार नसतात.

मधला मार्ग म्हणून लँथॅनम ब्रोमाइडचा स्फटिक आला. नजर सोडियम आयोडाइडच्या दुप्पट तीक्ष्ण, गारव्याचे नखरे नाहीत. सगळे खूश. मग लक्षात आलं की लँथॅनम स्वतःच किंचित किरणोत्सारी आहे, आणि त्याचा स्वतःचा उंचवटा नेमका पोटॅशियमच्या उंचवट्याला खेटून येतो. म्हणजे मोजणारा स्वतःच मोजमापात घुसला. म्हटलं होतं ना, पोटॅशियम पुन्हा भेटेल.

बँडशेजारी कुजबुज

आता खरी पंचाईत. मोकळ्या महासागरात सिझियम-१३७ किती? घनमीटरला एक-दोन बेक्वेरेल, तेही बहुतांश १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं उरलंसुरलं. त्याच घनमीटरमध्ये पोटॅशियम १२ हजार बेक्वेरेल. त्यातले दहातला एकच अणू गॅमा सोडतो, तरी हजारावर किरण दर सेकंदाला. वरातीतल्या बँडशेजारी उभं राहून कुणाची तरी कुजबुज ऐकण्यातला प्रकार.

तुम्ही म्हणाल, दोघांचे सूर वेगळे आहेत ना, १४६१ आणि ६६२, मग अडचण काय? अडचण अशी की पोटॅशियमचा किरण पाण्यातल्या इलेक्ट्रॉनांना धडकत, थोडी थोडी ऊर्जा गमावत येतो. डिटेक्टरपाशी पोचेपर्यंत कुणी ९०० चा झालेला असतो, कुणी ६५०, कुणी ३००. अशा दमलेल्या किरणांचा सडाच वर्णपटाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडतो, आणि सिझियमचा इवलासा उंचवटा त्यात बुडून जातो. तो वर येईपर्यंत ठोके मोजत बसायचं, तासन् तास, कधी दिवसच्या दिवस.

म्हणून महासागरातलं तुरळक सिझियम मोजायला अजूनही जुनीच रीत आहे. पिंपंच्या पिंपं पाणी जहाजावर घ्यायचं, त्यात अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेट नावाची पिवळी पूड टाकायची, तिच्यावर सिझियम चिकटलं की साका खाली बसू द्यायचा, तो वाळवून प्रयोगशाळेत जर्मेनियमपुढे ठेवायचा. बिनचूक, पण निकाल यायला आठवडे. पाण्याखालचा डिटेक्टर इतकं बारीक मोजत नाही, पण जे मोजतो ते तासाभरात किनाऱ्यावर कळवतो. अपघाताच्या दिवसांत या 'तासाभरात'ला फार किंमत असते. ६ एप्रिल २०११ रोजी जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या सांडपाण्याच्या मुखाशी सिझियम-१३७ लिटरला ६८ हजार बेक्वेरेलवर गेलं होतं, आणि पुढच्या महिन्याभरात ते हजारपट खाली आलं. अशा वेळी आठवड्यांनी येणारा आकडा म्हणजे वरातीमागून घोडं.

पोटॅशियमवर एवढं तोंडसुख घेतलं, तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाण्याचं तापमान बदललं की ट्यूबचे ठोके लहानमोठे होतात आणि सगळा वर्णपट इकडेतिकडे सरकतो. मग जागेवर आणायचा कशाच्या आधारे? १४६१ च्या उंचवट्याच्या. तो असतोच, सगळ्या समुद्रांत, चोवीस तास. शिवाय पोटॅशियम आणि खारटपणा एकमेकांच्या प्रमाणात असतात, त्यामुळे या उंचवट्यावरून पाण्याची क्षारताही काढता येते. आणि भूमध्य समुद्रात सिसिलीजवळ साडेतीन किलोमीटर खोल 'केएमथ्रीनेट' ही न्यूट्रिनो-दुर्बीण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने आजवरचा सर्वांत ऊर्जावान न्यूट्रिनो टिपला. तिथल्या काळोखात पोटॅशियमचे अणू फुटताना सूक्ष्म निळा प्रकाश पडतो आणि दुर्बिणीच्या हजारो डोळ्यांना तो सतत खुपतो. शास्त्रज्ञांनी त्या खुपण्याचाच वापर करून शेजारशेजारच्या डोळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवली.

पाऊस आला, आकडा चढला

बोयावर बांधलेला डिटेक्टर, सगळं सुरळीत, आणि अचानक आकडा वर. गळती? हल्ला? नाही, सर आली. जमिनीतून निघालेला रेडॉन वायू हवेत असतो, त्याच्या पोटी शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ जन्मतात आणि धुळीला चिकटतात. पाऊस ती धूळ धुऊन समुद्रात आणतो. दोघांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटं. म्हणजे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पुन्हा जागेवर. समुद्रातल्या गॅमा-यंत्रांच्या आलेखात पावसाच्या सरी अशा टेकड्या-टेकड्यांनी दिसतात. नवख्या माणसाची पहिल्या टेकडीला धांदल उडते.

हाच रेडॉन दुसरीकडे उपयोगी पडतो. ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या किनाऱ्यावर स्टूपा गावाजवळ समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात. खडकांतून फिरून आलेल्या भूजलात रेडॉन भरपूर, समुद्राच्या पाण्यात नावापुरता. झऱ्याच्या तोंडाशी डिटेक्टर ठेवला की भूजल किती जोराने येतंय ते बिस्मथच्या ठोक्यांवरून कळतं. उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळणाऱ्या भूमध्य किनाऱ्याला समुद्रात फुकट चाललेल्या गोड्या पाण्याचा हिशेब हवाच असतो.

त्याच ग्रीसमध्ये सँटोरिनी बेटापासून सात किलोमीटरवर कोलुंबो हा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे. १६५० मध्ये तो फुटला तेव्हा सँटोरिनीवर माणसं आणि गुरं विषारी वायूने मेली. त्याच्या विवराचा तळ ५०० मीटर खोल आहे आणि तिथे गरम पाण्याची कारंजी आहेत. 'रॅमोनेस' या युरोपीय प्रकल्पाने गॅमा मोजणारी यंत्रं नेऊन ठेवण्यासाठी हीच जागा निवडली. हिंमत आहे.

तळावरून फरफटत

पाणी राहू द्या, तळ मोजायचा असेल तर? सिझियम चिखलाला चिकटून बसतं, त्यामुळे बरीचशी गोष्ट तळाच्या गाळातच असते. ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी १९७० च्या दशकात डिटेक्टर लांब लवचिक नळीत घालून जहाजामागे तळावरून ओढायला सुरुवात केली. खडकांत अडकू नये म्हणून हा आकार. नाव ठेवलं 'ईल', म्हणजे आपली वाम. तिचं पहिलं काम प्रदूषण शोधण्याचं नव्हतंच, तळाचा नकाशा काढण्याचं होतं. चिखलात पोटॅशियम आणि थोरियम जास्त, धुतलेल्या वाळूत कमी, त्यामुळे नुसत्या गॅमावरून खाली काय पसरलंय ते ओळखता येतं. जड खनिजांची वाळूही अशीच हाती लागते. केरळातल्या चवरा किनाऱ्याची मोनाझाइट वाळू थोरियमने इतकी भरलेली आहे, की तिच्यावर ठेवलेल्या कुठल्याही डिटेक्टरच्या वर्णपटात उजव्या टोकाला २६१४ चा उंचवटा ठसठशीत उठतो.

फुकुशिमानंतर जपान्यांनी हीच युक्ती उचलली. रबरी होजमध्ये डिटेक्टर घातला आणि किनाऱ्यालगतच्या तळावरून किलोमीटरच्या किलोमीटर ओढला. तोवर गाळाचे नमुने एक इथून, एक तिथून असे काढलेले होते आणि नकाशावर सगळं गुळगुळीत दिसत होतं. होज फिरली आणि चित्र पालटलं. तळावरच्या खोलगट जागांत, उंचवट्यांच्या पायथ्याशी, आसपासपेक्षा कितीतरी पट सिझियम साचलेलं सापडलं. काही पट्टे जेमतेम काही दहा मीटर लांबीचे. दोन नमुन्यांच्या मधे असा पट्टा सहज निसटला असता.

जुलै २०१७ मध्ये तर तिथल्याच तिसऱ्या अणुभट्टीच्या पोटात साचलेल्या पाण्यात एक रोबो पोहायला सोडला. १३ सेंटीमीटर व्यासाचा, नाव 'मिनी मानबो', म्हणजे छोटासा सूर्यमासा. वितळून खाली गळालेल्या इंधनासारखे थिजलेले लोळ पहिल्यांदा त्याने दाखवले.

एका नळीतून धूर

७ एप्रिल १९८९ रोजी 'कोम्सोमोलेत्स' ही सोव्हिएत पाणबुडी आग लागून नॉर्वेजियन समुद्रात बुडाली. ४२ खलाशी गेले. आज ती १,६८० मीटर खोल आहे, अणुभट्टीसह आणि अण्वस्त्र लावलेल्या दोन टॉर्पेडोंसह. १९९० च्या दशकात रशियाच्या 'मीर' पाणबुड्या तिच्याभोवती मोजमापं करून आल्या. २०१९ मध्ये नॉर्वेने 'एगिर ६०००' हा दूरनियंत्रित रोबो पाठवला. कॅमेऱ्यात दिसलं, की वायुवीजनाच्या एका नळीतून मधूनच धुरासारखा ढग बाहेर पडतोय. त्या ढगातलं पाणी भरून आणलं, तर सिझियम-१३७ चा सर्वांत वरचा आकडा लिटरला ८०० बेक्वेरेल, म्हणजे तिथल्या नेहमीच्या पाण्याच्या आठ लाख पट. बातम्यांत साहजिकच 'आठ लाख पट' गाजलं. कमी गाजलेली गोष्ट अशी, की त्याच नळीतून भरलेल्या काही नमुन्यांत काहीच नव्हतं, आणि नळीच्या काही मीटर वर जाऊन मोजलं तर आकडा मोजण्याच्या पट्टीखाली गेला. समुद्र एवढा मोठा आहे, की दोन हात इकडे आणि दोन हात तिकडे यात आठ लाखांचा फरक पडतो. मग डिटेक्टर कुठे ठेवायचा? यावर आजही बैठका झडतात.

सिझियमचा ठसा

माग काढायला सिझियमची एक खूण भलतीच कामाची आहे. फुकुशिमातून सिझियम-१३७ आणि सिझियम-१३४ जवळपास सारख्या प्रमाणात सुटले. पहिल्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, दुसऱ्याचं फक्त दोन. त्यामुळे २०११ नंतर पॅसिफिकमध्ये सिझियम-१३४ सापडलं, की ते जुन्या बॉम्बचं नाही, ताजंच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पकडलेल्या १५ ब्लूफिन ट्यूना माशांपैकी प्रत्येकात ते सापडलं. जपानकडच्या पाण्यात वाढलेल्या या माशांनी अख्खा पॅसिफिक ओलांडून समुद्री प्रवाहांच्या आधी मुद्देमाल पोचवला होता. त्याच माशांत निसर्गदत्त पोटॅशियम-४० सिझियमच्या कितीतरी पट होतं, हेही संशोधकांनी लिहून ठेवलंय.

आणि आता या सगळ्या यंत्रांची नाचक्की. २४ ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. शेजारी देशांत गदारोळ, मासळीवर बंदी, पुरवण्या भरभरून लेख. त्या पाण्यात मुख्यतः जे उरतं ते ट्रिटियम, आणि ट्रिटियम गॅमा सोडतच नाही. त्याचा बीटा कण इतका दुबळा, की पाण्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही अंतर कापत नाही. प्लॅस्टिकचं कवच भेदणं राहिलं दूर, तो कातेरिनाच्या कवचापर्यंत पोचण्याआधीच संपतो. म्हणजे अलीकडच्या काळात समुद्रातल्या ज्या किरणोत्सर्गावरून सर्वांत जास्त भांडणं झाली, तो पाण्याखालच्या गॅमा-यंत्राला दिसतच नाही. स्ट्रॉन्शियम-९० चंही तेच, शुद्ध बीटा. मग ट्रिटियम कसं मोजायचं? बाटलीत पाणी भरायचं, किनाऱ्यावर आणायचं, ऊर्ध्वपातन करून क्षार काढायचे, चमकणाऱ्या द्रवात मिसळायचं आणि अंधाऱ्या पेटीत ठेवून ठोके मोजायचे. जपानने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा लिटरला १,५०० बेक्वेरेल आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा आकडा १०,००० चा. ही पडताळणी रोज होते ती अशीच, बाटल्यांनी.